टोपीवरचा बिगुल

माणसाला दोन हौशी उपजत असतात. आपण चारचौघांसारखे दिसावे ही एक, आणि चारचौघांत उठून दिसावे ही दुसरी. या दोन परस्परविरोधी हौशी एकाच टाचणीने भागवण्याची जी युक्ती माणसाने शोधून काढली, तिचे नाव बिल्ला. गणेशोत्सवात ‘कार्यकर्ता’ अशी फीत छातीवर लागली की कालपर्यंत कोपऱ्यात उभा राहणारा मुलगा वाहतूक अडवू लागतो. लग्नात फेटा बांधला की वधूच्या मामांचा आवाज बदलतो. साहित्यसंमेलनात ‘स्वागत समिती’चे गुलाबी फूल लावलेल्या गृहस्थांना मी पुष्कळदा जवळून पाहिले आहे. फूल जितके मोठे तितके स्वागत कमी, असा माझा साधारण अनुभव आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे वस्तूआधी शब्दाकडे लक्ष जाते. शिरपेच, तुरा, कलगी, बिरुद, निशाण, जरीपटका, मानकरी हे सारे शब्द आपल्या भाषेत रणांगणावरून आणि दरबारातून आले. एके काळी तुरा म्हणजे खरोखरीचा तुरा होता. तो कोणीतरी कोणालातरी, कशासाठीतरी दिलेला असे, आणि तो कोणी लावावा याला नियम होता. आज मात्र कोणी तालुका पातळीवरच्या वक्तृत्वस्पर्धेत तिसरा आला तरी त्याच्या शिरपेचात आपण मानाचा तुरा खोवून मोकळे होतो. शब्द राहिला, तुरा गेला. परंतु हा तुरा अजून खराखुरा आहे, मोजून मापून आहे आणि नियमाने आहे, अशी एक जागा शिल्लक आहे, हे मला आमच्या सोसायटीच्या फाटकावर समजले.

आमच्या फाटकावर दिवसपाळीला एक हवालदारकाका असतात. हवालदार हे त्यांचे आडनाव नव्हे. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले. मुलाच्या नोकरीमुळे पुण्यास आले, आणि रिकामे बसवेना म्हणून एका सुरक्षा संस्थेत लागले. सोसायटीतली मुले त्यांना काका म्हणतात, वडीलधारी माणसे हवालदार म्हणतात, आणि कुरिअरवाले मात्र कोणी न सांगता ‘साहेब’ म्हणतात. उभे राहण्याची एक पद्धत असते, ती पेन्शनीत जात नाही.

या सुरक्षा संस्थेचा गणवेश ज्याने आखला तो मनुष्य बहुधा बँडपथकात नोकरीला असावा. निळा सदरा, खांद्यावरून काखेत गेलेली पांढरी गोंड्याची दोरी, छातीवर गरुड, टोपीवर आणखी एक गरुड, आणि दोन्ही खांद्यांवर तीन तीन चकचकीत तारे. शेजारच्या इमारतीतला एकोणीस वर्षांचा रखवालदार हा सारा सरंजाम अंगावर वागवीत खुर्चीत डुलक्या घेत असे. आमचे हवालदारकाका निळा सदरा घालीत, दोरी घालीत, गरुडांनाही त्यांची हरकत नव्हती. तारे मात्र ते लावीत नसत. खांद्यावरच्या पट्ट्या कोऱ्या.

एका महिन्यात त्यांच्या पगारातून दोनशे रुपये कापले गेले. कारण, ‘गणवेश अपूर्ण’. पुढच्या महिन्यात पुन्हा दोनशे. तिसऱ्या महिन्यात संस्थेच्या पर्यवेक्षकाने फाटकावर येऊन चारचौघांदेखत त्यांना सुनावले. हे सर्व आमच्या सौभाग्यवतींनी भाजी घेता घेता ऐकले, आणि वर येऊन मला सांगितले. “तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर आहात ना? मग नुसते इतिवृत्त काय लिहिता? त्या माणसाला विचारा तरी काय भानगड आहे ती.”

मी विचारले. हवालदारकाका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, खांद्यावर तीन तारे म्हणजे कॅप्टन. मी हवालदार. माझ्या बाहीवर तीन फिती होत्या, त्या मी चोवीस वर्षांच्या नोकरीत मिळवल्या. तारे मी मिळवले नाहीत.”

“पण काका, हे काही सैन्याचे तारे नव्हेत. शोभेचे आहेत.”

“तेच म्हणतो ना सर. शोभेचे आहेत.” मग जरा थांबून, रस्त्याकडे पाहत ते म्हणाले, “तीन तारे लावलेला एक माणूस मी वरून खाली उचलून आणला आहे. सव्वीस वर्षांचा होता. ते तारे शोभेचे म्हणून मी नाही लावू शकत.”

त्यानंतर एक गाडी आली आणि ते फाटक उघडायला गेले.

त्या दिवसापासून रविवारी दुपारी त्यांच्या पाळीत मी फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसू लागलो. एकदा त्यांनी घरून एक डबी आणली. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला एक कॅप बॅज तीत होता. अजून महिन्यातून एकदा ब्रासोने घासतात. एक बिगुल, ढाल, आणि तिच्यामागे एकमेकींना छेद देणाऱ्या दोन तलवारी. ढाल-तलवार मराठा पलटणीच्या टोपीवर असायचीच, ते कोणालाही कळेल. पण बिगुल कशाला?

या बिगुलाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आमच्या सोसायटीतले एक विनोदी गृहस्थ ‘लाइट इन्फंट्री’ म्हणजे हलके काम करणारी फौज, असा विनोद वर्षातून दोनदा तरी करतात. वस्तुस्थिती उलट आहे. जुन्या युरोपीय पद्धतीच्या लढाईत पायदळ खांद्याला खांदा लावून, रांगा धरून चाले, आणि त्याला हुकूम दिले जात ते ढोलावर. लाइट इन्फंट्री म्हणजे या रांगांच्या पुढे, विखरून, जमिनीचा आडोसा घेत, ज्याच्या त्याच्या अकलेने लढणारी माणसे. ती लांब पांगलेली असत, म्हणून त्यांना ढोल पुरत नसे. त्यांच्यासाठी बिगुल. चालही त्यांची जलद, मिनिटाला १४० पावलांची. थोडक्यात, बिगुल हे शोभेचे वाद्य नव्हे. ‘आम्ही पुढे असतो आणि एकएकटे असलो तरी फुटत नाही,’ असे ते सांगणे आहे. डोंगरदऱ्यांतल्या गनिमी काव्यावर वाढलेल्या माणसांना हे काम शिकवावे लागले नसेल.

आणि हे बिरुद कोणी उगीच दिलेले नाही. मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली. तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. दुसरी एक पलटण ‘काळी पाचवी’ या नावाने ओळखली जाते. मुंबईच्या देशी पायदळातली ही पाचवी पलटण, तिच्या गणवेशाची गळपट्टी आणि बाह्यांची टोके काळी. १८४० साली, पहिल्या अफगाण युद्धाच्या काळात, या पलटणीची एक लहानशी तुकडी बलुचिस्तानच्या डोंगरात कहान नावाच्या किल्ल्यात वेढ्यात सापडली. अन्न संपत आले, पाणी वाईट, मदतीला निघालेली फौज वाटेतच मार खाऊन परत फिरलेली. तरी किल्ला कित्येक महिने लढला, आणि अखेर तहाने, हत्यारांसकट, मानाने बाहेर पडला. १८४१ साली काळी पाचवीला ‘लाइट इन्फंट्री’ हे बिरुद मिळाले. आज बेळगावच्या मराठा केंद्रात भरती झालेला पोरगा टोपीवर तो बिगुल लावतो तेव्हा कहानचे नाव त्याला ठाऊक असो वा नसो, ते त्याच्या कपाळावर असते.

एका बिगुलात एवढे निघते म्हटल्यावर इतर चिन्हांकडे बघण्याची चटक लागली. आणि मग ध्यानात आले की ही चिन्हे म्हणजे पदकांच्या दुकानातली नक्षी नसून, थोडक्यात लिहिलेला इतिहास आहे. आणि इतिहास म्हटला की तो सर्वांनाच सुखाचा असतो असे नाही.

मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात एक हत्ती आहे. दक्षिणेकडची पलटण, तेव्हा हत्ती असायचाच, असे आपण सहज म्हणू. पण तो हत्ती दक्षिणेचा नाही, आपल्या जालना जिल्ह्यातला आहे! भोकरदनजवळच्या असई गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. त्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढलेल्या मद्रासी पलटणींच्या पराक्रमाची ती खूण. म्हणजे एकाच सैन्यात, शेजारच्या दोन बराकींत, एकाच्या टोपीवर ढाल-तलवार आहे आणि दुसऱ्याच्या टोपीवर ती ढाल-तलवार जिथे हरली तिथला हत्ती. स्वातंत्र्यानंतर, या देशावर परक्यांचा ताबा बसवण्यासाठी झालेल्या लढायांचे सन्मान पलटणींनी ध्वजावर मिरवू नयेत असे ठरले. ते योग्यच झाले. हत्ती मात्र राहिला. हवालदारकाकांना मी विचारले, तुम्हाला काही वाटत नाही? ते हसून म्हणाले, “मद्रासी पलटण आमच्या शेजारीच असायची सर. त्यांची इडली आम्ही खायचो, आमची पुरणपोळी ते खायचे. हत्तीला कोण काय म्हणणार?”

महार रेजिमेंटच्या चिन्हाची गोष्ट याहून खोल आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगावला झालेल्या लढाईचा स्तंभ पुण्याहून तासाभराच्या अंतरावर आहे. त्यावर लढाईत पडलेल्यांची नावे आहेत, आणि त्यांत महार शिपाई आहेत. पुढे याच समाजाला सैन्याची दारे बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरजेपुरती उघडली, १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडून टाकण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, ते ही गोष्ट लोकांना विसरू न देण्यासाठी. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात तोच कोरेगावचा स्तंभ होता. ज्यांना वर्षानुवर्षे ‘तुम्ही लढवय्ये नव्हे’ असे ऐकवले गेले, त्यांनी त्याचे उत्तर वादविवादात न देता कपाळावर लावले. पुढे १९४६ साली ती मशीनगन चालवणारी रेजिमेंट झाली. आज तिच्या चिन्हात दोन विकर्स मशीनगन आहेत आणि स्तंभाच्या जागी खंजीर आला आहे. जुने काम नव्या कामाला जागा देते. परंतु स्तंभ कोरेगावला उभा आहे, आणि दर १ जानेवारीला तिथे किती माणसे जातात हे पुण्याच्या माणसाला सांगावयास नको.

चिन्हे अशी बदलतातही. २६ जानेवारी १९५० पासून अधिकाऱ्यांच्या खांद्यावरचा ब्रिटिश मुकुट उतरला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एका दिवसात लाखो माणसांचे खांदे स्वतंत्र झाले, असे म्हटले तरी चालेल.

सर्वच चिन्हे इतकी गंभीर नसतात, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात २३ व्या हिंदी डिव्हिजनच्या बाहीवर चक्क एक लाल कोंबडा होता, झुंजीचा. तिचे पहिले सेनापती सॅव्हरी यांना लढाऊ बाण्याचा, पण हिंदू किंवा मुसलमान कोणाही शिपायाची भावना न दुखावणारा प्राणी हवा होता. गाय नको, डुक्कर नको, अशी एकेक वजाबाकी करता करता कोंबडाच उरला असावा! मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला चाल करून आलेल्या जपान्यांना जी फौज चार-पाच दिवस अडवून बसली, तिच्यात या डिव्हिजनची चौथी मराठा पलटण होती. कोंबडा झाकला म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी आपली म्हण आहे. सांगशाकचा कोंबडा कोणाला झाकता आला नाही.

आता चिन्ह कसे लावायचे ते. इथे माझ्यातला मास्तर जागा होतो, कारण हे सारे प्रकरण व्याकरणासारखे आहे. वेलांटी पहिली की दुसरी याने काय बिघडते, असे विद्यार्थी मला विचारतात. मी म्हणतो, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जेवढे बिघडते तेवढे. लष्करी चिन्हांतही डावे-उजवे, वर-खाली यांत अर्थ भरलेला असतो. बेरे टोपीचा घोळ उजव्या कानाकडे ओढलेला हवा आणि बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर. गोरखा पलटणींची हॅट उजवीकडे कलती, आणि तिचा पट्टा हनुवटीखाली न घेता खालच्या ओठाखाली. गढवाल रायफल्सच्या जवानाच्या उजव्या खांद्याभोवती लाल पिळाची एक दोरी असते. पहिल्या महायुद्धातल्या पराक्रमाबद्दल १९२१ साली त्यांना ‘रॉयल’ ही पदवी मिळाली, त्याची ती खूण. पदवी गेली, राजा गेला, राज्य गेले, दोरी राहिली. कारण ती राजाने दिली असली तरी कमावली होती गढवालच्या पोरांनी. मराठा जवानाच्या टोपीत लाल-हिरवा तुरा असतो. हाच तो तुरा, जो आपण भाषणांतून फुकट वाटतो.

पदकांचा नियम तर अगदी काटेकोर. ज्याने मिळवले त्याने ती छातीच्या डाव्या बाजूला, हृदयापाशी, एका रांगेत लावायची, आणि सर्वांत मोठ्या मानाचे पदक छातीच्या मध्याकडे. परमवीर चक्र असेल तर ते सर्वांआधी. आपल्याला आवडते म्हणून एखादे पुढे घेता येत नाही. आवडीनिवडीला जागाच नाही, आणि मला वाटते, म्हणूनच त्याला मान आहे. ज्या गोष्टीत आपली मर्जी चालत नाही तिचीच आपण मनातून कदर करतो.

२०१९ सालच्या क्रिकेट विश्वचषकात महेंद्रसिंग धोनीच्या हातमोज्यांवर पॅराशूट रेजिमेंटच्या विशेष दलाचे ‘बलिदान’ चिन्ह दिसले, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नियमावर बोट ठेवून ते चालणार नाही असे सांगितले. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये चहाचे पेले वादाने हिंदकळले. देशप्रेम मोठे की नियम मोठा, असा वाद. त्या गलक्यात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही: हे खंजिराचे चिन्ह छातीवर लावायला सैनिकाला काय करावे लागते? ते दल स्वेच्छेने येणाऱ्यांचे आहे, आणि आलेल्यांपैकी फार थोडे त्याच्या परीक्षेत टिकतात. आज मात्र तोच खंजीर टी-शर्टावर, मोटारसायकलच्या टाकीवर आणि मोबाइलच्या पाठीवर सर्रास विकत मिळतो. विकत घेणाऱ्या मुलाच्या मनात वाईट नसते. त्याला प्रेमच दाखवायचे असते. पण हवालदारकाका म्हणाले ते मला पटले. “सर, प्रेम असेल तर सलाम करावा. दुसऱ्याची कमाई अंगावर घालू नये.”

कायद्याचेही हेच म्हणणे आहे. सैनिक नसलेल्याने, सैनिक वाटावे या हेतूने, सैनिकाचा पोशाख किंवा खूण अंगावर बाळगली तर भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खासगी रखवालदारांसाठी तर वेगळा कायदाच आहे, २००५ सालचा. त्याचे २१ वे कलम सांगते की खासगी सुरक्षारक्षकाच्या अंगावर सेनादलांचा किंवा पोलिसांचा गणवेश, अथवा त्यांच्या खास खुणा असलेला पोशाख आढळला तर तो रक्षक आणि संस्थेचा मालक, दोघेही शिक्षेस पात्र. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे कलम मी कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवले. आमच्या चिटणिसांना आधी ते मुळीच रुचले नाही. “अहो सर, तारे असले की फाटक भारदस्त दिसते. आणि त्या माणसाला एवढाच ताठा असेल तर दुसरा मिळेल की! रांगा लागल्या आहेत.” बैठकीत शांतता पसरली. दोनशे रुपयांची गोष्ट नोकरीवर आली होती. मी म्हटले, “दुसरा जरूर मिळेल. पण हा माणूस आपल्या न कमावलेल्या तीन ताऱ्यांसाठी महिना दोनशे रुपये सोडतो आहे. आपल्या फाटकावर कोण असावे, तारे लावणारा की न लावणारा, याचा निर्णय करा. मी इतिवृत्तात लिहून घेतो.” इतिवृत्तात नाव जाणार म्हटल्यावर सभ्य माणसे विचार करू लागतात, हा इतिवृत्ताचा मोठा उपयोग आहे. संस्थेला पत्र गेले. दीड महिन्याने केवळ आमच्याच नव्हे, तर शेजारच्या इमारतीतल्या रखवालदाराच्याही खांद्यावरून तारे उतरले. कापलेले पैसे मात्र परत आले नाहीत. हवालदारकाकांनी ते मागितलेही नाहीत.

त्याच वर्षी २६ जानेवारीला चिटणिसांनी, बहुधा चुकल्याचुकल्यासारखे वाटून, हवालदारकाकांनाच झेंडावंदनाला बोलावले आणि म्हणाले, “काका, तुमचा सैन्यातला ड्रेस घालून या. फोटो छान येतील.” ते ड्रेसमध्ये आले नाहीत. साधी करडी पँट, काळा कोट, आणि कोटाच्या डाव्या बाजूला पदकांची एक सरळ रांग. त्यांत नऊ आणि वीस वर्षांच्या सेवेचीही पदके होती. ध्वज वर गेला तेव्हा आम्ही सारे उभे होतो. ते मात्र सावधान होते. दोहोंतला फरक त्या दिवशी आमच्या मुलांना कळला.

गर्दी पांगल्यावर बी इमारतीतल्या आजी काठी टेकीत त्यांच्यापाशी आल्या. या आजी फारशा कोणाशी बोलत नसत. त्यांचा मुलगा सैन्यात होता आणि काश्मीरमध्ये गेला, एवढे आम्हाला ऐकून ठाऊक. त्यांनी हवालदारकाकांच्या कोटाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “बाबा, त्याचे एक आहे माझ्याकडे. सरकारने दिलेले. डबीतच असते. मला कोणी सांगितले नाही त्याचे काय करायचे ते. मी लावले तर चालते का? का गुन्हा होतो?”

इतकी वर्षे ती डबी कपाटात होती, आणि इतकी वर्षे हा प्रश्न.

हवालदारकाका टाचा जुळवून उभे राहिले. “आजी, चालते. आता सैन्यानेच २०१९ साली तसे सांगितले आहे. गेलेल्या जवानाच्या घरच्या माणसाने युद्धस्मारकावर वंदनेला जाताना त्याचे पदक लावावे. फक्त एक आहे. आमचे डावीकडे असते. तुम्ही उजवीकडे लावायचे.”

“का रे?”

“डावीकडे लावले तर ते तुमचे होते. उजवीकडे लावले की ते त्याचेच राहते.”

मी वीस वर्षे वर्गात विभक्ती शिकवतो आहे. प्रथमा म्हणजे कर्ता आणि षष्ठी म्हणजे संबंध, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असेल. डावी बाजू प्रथमा आणि उजवी बाजू षष्ठी! ‘मी केले’ आणि ‘माझ्या माणसाने केले’, एवढा मोठा फरक सांगायला त्यांना एक वीतभर अंतर पुरले.

पुण्याच्या लष्कर भागात, घोरपडीजवळ, नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले युद्धस्मारक आहे. १६ डिसेंबरला, विजयदिनी, आम्ही आजींना तिथे घेऊन गेलो. मी, हवालदारकाका आणि आमची सौ. निघण्याआधी एक अडचण उभी राहिली. पदर डाव्या खांद्यावर. उजवीकडे पदक लावायचे कशावर? नियमावलीत याचे उत्तर कोठे असेल असे मला वाटले नाही. सौ.ने आपली जाड शाल आणली, आजींच्या दोन्ही खांद्यांवरून घेतली, आणि हवालदारकाकांनी डोळ्यांनी मोजमाप करून, अगदी समपातळीत, उजव्या बाजूला ते पदक टोचले. त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या टोपीवर बिगुल होता. डबीतून काढून, डाव्या डोळ्याच्या वर.

स्मारकापाशी एक तरुण अधिकारी उभा होता. खांद्यावर तीन तारे, खरे. त्याने आजींच्या शालीकडे पाहिले. पदक कोणत्या बाजूला आहे हे त्याला दिसले, आणि कोणी काही सांगण्याआधीच त्याने त्यांना खाडकन सलाम ठोकला. आजी गोंधळल्या. त्यांनी हात जोडले, मग एक हात खाली घेतला, मग पुन्हा जोडले. हवालदारकाका दुसरीकडे पाहत होते. ते बहुधा त्या ताऱ्यांकडे पाहणे टाळीत होते.

परतीच्या वाटेवर रिक्षात आजींनी स्वतःच पदक सोडवले. पदराच्या टोकाने पुसले, डबीत ठेवले, आणि झाकण लावताना आपल्याशीच म्हणाल्या, “आज त्याचा मान त्याला पोचला.”